मे महिन्यातलं रिकामं गाव

एप्रिल लागला की माझा फोन वाजायला लागतो. आंब्यासाठी वाजतो, तसा आणखी एका कामासाठी वाजतो. गेल्या वर्षी डोंबिवलीहून भाच्याचा फोन आला.

"मामा, मे महिन्यात ऑफिसातले आम्ही आठ जण फॅमिली घेऊन निघतोय. अलिबाग नको, काशीद नको, माथेरान नको, सगळीकडे जत्रा असते. तुमच्या बाजूला कुठे शांत, गर्दी नसलेली जागा असेल तर सांग."

"आपलं घर आहे की," मी म्हटलं.

तो हसला. "घर नाही रे मामा. जागा विचारतोय. नदी पाहिजे, झाडं पाहिजेत, मुलांना डुंबायला पाणी पाहिजे, आणि आजूबाजूला माणसं नकोत."

मी हिशेब केला. आठ जण, प्रत्येकाची बायको, दोन-दोन पोरं, एखाद-दुसरी आई किंवा सासू. म्हणजे पस्तीसेक माणसं आणि आठ गाड्या. एवढी माणसं मिळून गर्दी नसलेली जागा शोधत होती, आणि त्यात कुणाला काही चुकीचं वाटत नव्हतं.

भाचा माझा गुणी आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जाईना. मी दहावी शिकलेला माणूस, १९७७ साली शाळा सोडली आणि नांगराला हात घातला. फार वाचन नाही. पण पेण आणि रोह्याच्या मधल्या रस्त्याने साठ वर्षं येजा केली, त्या रस्त्यावर कोण आलं, कोण गेलं, कशाला आलं, हे मी पाहिलंय. तेव्हा मला जे वाटतं ते लिहितो. कुणाला झोंबलं तर झोंबू दे. एक आधीच सांगून ठेवतो. या लेखात मी माझ्या गावाचं नाव सांगणार नाही. का, ते पुढे कळेल.

वडखळच्या नाक्यावर मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी उभं राहून बघावं. मुंबईकडून येणारा एक रस्ता तिथे फुटतो, एक अलिबागकडे जातो, एक नागोठणे-कोलाडकडे. हा मुंबई-गोवा महामार्ग २०११ सालापासून रुंद होतोय, त्याचं काम बघता बघता माझे केस पांढरे झाले. त्या रांगेत अडकलेल्या कुठल्याही गाडीच्या काचेवर टकटक करून विचारा, काय झालं? माणूस म्हणणार, "काय गर्दी आहे हो!" पुढच्या गाडीतला तेच म्हणणार, मागच्या गाडीतलाही तेच. जो तो आपल्याला सोडून बाकीच्यांना गर्दी म्हणतो. गर्दीत आपणही एक आहोत, हे त्या रांगेतल्या एकालाही वाटत नाही.

मग ही माणसं काय करतात? अलिबाग भरलं, की पुढे नागाव. नागाव भरलं, की काशीद, मुरूड. तिथेही गाडी लावायला जागा मिळेना, की दिवेआगर. आता किनारा सगळा भरला म्हणून आत वळतात. पाली, नागोठणे, कोलाड, रोहा. जी जागा काल कुणाला माहीत नव्हती तिचं नाव आज एकाच्या तोंडी येतं, उद्या शंभर जणांच्या मोबाईलमध्ये, आणि परवा तिथे वडापावची गाडी उभी राहते. तेरवा तीच माणसं म्हणतात, आता तिथे काही मजा राहिली नाही. मजा कुणी संपवली, हे विचारायचं नाही.

भिऱ्याच्या वर देवकुंड म्हणून धबधबा आहे. आमच्या तरुणपणी तिथे गुराखी आणि मधवाले जायचे. आज ते नाव ठाऊक नाही असा कॉलेजातला पोरगा मुंबई-पुण्यात सापडणार नाही. तिथे पोरं बुडाली, वाहून गेली, आणि शेवटी पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांना बंदीचे हुकूम काढावे लागले. तेही एके काळी 'गर्दी नसलेलं ठिकाण'च होतं.

ही खोड आजची नाही. माथेरान आमच्याच जिल्ह्यातलं. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट तिथे चढून गेला आणि त्याने माथेरानचा 'शोध लावला' असं आम्ही शाळेत शिकलो. त्या डोंगरात धनगर होते, ठाकूर होते, कातकरी होते. त्यांची पोरं तिथेच जन्मली, म्हातारे तिथेच मेले. पण साहेब चढेपर्यंत त्या डोंगराचा शोध लागलेला नव्हता! साहेबाला मुंबईचा उन्हाळा सोसत नव्हता, त्याला थंड आणि निवांत जागा पाहिजे होती. पुढे बंगले झाले, १९०७ साली छोटी आगगाडी झाली, आणि आता सुट्टीत माथेरानला पाय ठेवायला जागा नाही. तरी तिथे एक शहाणपण टिकलंय, मोटारगाडी दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाही. माणसं कितीही जावोत, गाडी खाली राहते. आमच्या गावांना असं दस्तुरी नाकं नाही. इथे गाडी थेट खळ्यात येते.

आता कुणी म्हणेल, तुमच्या लहानपणी मे महिन्यात पाहुणे येत नव्हते काय? येत होते. आणि किती येत होते!

माझे दोन काका मुंबईत गिरणीत होते, एक लालबागला, एक परळला. दोन आत्या, एक मावशी. शाळांच्या परीक्षा संपल्या की एसटीच्या टपावर वळकट्या टाकून सगळं खटलं गावाला यायचं. आमचं घर म्हणजे पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि वर माळा. त्यात एका वेळी वीस-बावीस माणसं झोपायची. रात्री लघवीला उठलेल्या पोराला अंधारात पाय कुठे ठेवायचा ते कळायचं नाही. पण 'गर्दी झाली' असं आईच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ती म्हणायची, "घर भरलां."

का म्हणायची? एक म्हणजे ती माणसं तिच्या नावानिशी ओळखीची होती. दुसरं म्हणजे ती रिकाम्या हाताने बसत नव्हती. काकू आली की दुसऱ्या दिवशी पदर खोचून पापड लाटायला बसायची. काका बापासोबत कौलं चाळायला घरावर चढायचे. गिरणीत साच्यावर उभं राहणारा माणूस, पण मे महिन्यात पेंढा रचायचा, कुंपणाच्या काट्या आणायचा. आम्ही पोरं सकाळी आंबे गोळा करायचो आणि दुपारी करवंदांच्या जाळीत अंग ओरबाडून घ्यायचो. मुंबईची चुलत भावंडं पहिले दोन दिवस विहिरीवर पोहरा सोडायला घाबरायची, तिसऱ्या दिवसापासून त्यांचीही पाळी लागायची. येताना ते साखर, चहापूड, पोरांना कापड आणायचे. जाताना तांदूळ, कडवे वाल, आमसुलं, सुके बोंबील न्यायचे. देणंघेणं सुरू राहायचं. १९८२ सालच्या संपात गिरण्या बंद झाल्या तेव्हा लालबागचे काका बायकापोरांसकट दीड वर्ष आमच्याकडे राहिले. ते पाहुणे म्हणून आले नाहीत आणि आम्ही त्यांना पाहुणे म्हणून ठेवलं नाही. मे महिन्यात त्यांनी त्या घरात घाम गाळला होता, म्हणून संकटात त्या घराचं दार त्यांना उघडं होतं.

मला विचाराल तर गर्दी आणि माणसं यांत एवढाच फरक आहे. ज्याचं नाव ठाऊक आहे आणि जो आपल्या घागरीचा विचार करतो तो माणूस. ज्याला आपण कोण हे ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही, तो एकटा आला तरी गर्दीच.

आता मे महिन्याविषयी. शहरात मे महिना म्हणजे सुट्टी. आमच्याकडे मे महिना म्हणजे पावसाच्या आधीची धावपळ. राब भाजून झालेला असतो, त्याची राख वाऱ्याने उडू नये म्हणून जपायचं. बांध फुटलेले असतात, ते घालायचे. लाकूडफाटा, शेणी, पेंढा सगळं छपराखाली आणायचं. आंबा उतरायचा, पाड लागलेला निराळा, दबका निराळा. गुरांचा गोठा शाकारायचा. बायकांचं तर विचारूच नका. पापड, कुरडया, तिखट, हळद, सुकी मासळी, चार महिन्यांची बेगमी सगळी त्या वीस-पंचवीस दिवसांत. खारेपाटात तर समुद्राचा बांध आणि उघाडी यांची काळजी. एकदा का भरतीचं पाणी शेतात शिरलं, की त्या वर्षीचं भात गेलं. मेच्या शेवटी धूळपेर करायची, आणि आभाळाकडे बघत बसायचं.

या दिवसांत शहरातला माणूस येतो आणि म्हणतो, "काय शांत आहे हो तुमचं गाव!"

शांत का आहे, हे त्याने कधी विचारलं का? दुपारी बारा वाजता गाव शांत असतं कारण सकाळी पाचपासून राबलेली माणसं घटकाभर पडलेली असतात. आमच्या शेजारची कातकऱ्यांची वाडी त्याला फार आवडते. कुडाच्या झोपड्या, मोहाची झाडं, आणि कुणी नाही. फोटो काढतो. अरे, कुणी नाही कारण अर्धी वाडी वीटभट्टीवर गेलेली आहे! दिवाळी झाली की ती पोराबाळांसकट उठतात, भट्टीवाल्याची उचल घेतलेली असते ती फेडायला. कुणी कोळसा पाडायला जातं. पाऊस तोंडावर आला की परततात. ज्याला तुम्ही निवांतपणा म्हणता ते त्या लोकांचं पोटासाठी परगावी जाणं आहे. आमच्या गावातल्या बंद घरांचंही तसंच. कुलूप लावलेल्या घरासमोर उभं राहून सेल्फी काढणाऱ्या बाईला मी विचारलं, "ताई, हे कुणाचं घर ठाऊक आहे?" ती म्हणाली, "नाही काका, पण किती छान आहे ना?" ते घर माझ्या वर्गमित्राचं. पोरं नालासोपाऱ्याला, म्हातारा-म्हातारी गेली. छान आहे खरं.

आता माझी चूक सांगतो, कारण दुसऱ्याला बोल लावायचा तर स्वतःचं झाकून चालत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, मुरूडकडून घुसलं आणि रोहा, माणगाव, तळा झोडपत गेलं. दोन-तीन तासांत माझी अकरापैकी सात आंब्याची झाडं मुळासकट आडवी झाली. आजोबांनी लावलेली झाडं. घरावर एक कौल राहिलं नाही. त्यात करोना. कर्ज काढून घर उभं केलं. मग मुलगा म्हणाला, "बाबा, बैल तर विकलेत. गोठा रिकामा आहे. दोन खोल्या काढू, मुंबईचे लोक येतात, चांगले पैसे देतात." त्याच वर्षी सरकारनेही कृषी पर्यटनाचं धोरण आणलं होतं. मी हो म्हटलं. २०२२ च्या मे महिन्यात पहिले पाहुणे आले.

खोटं का बोलू, पैसा बरा मिळाला. त्या एका मे महिन्यात जे हातात आलं ते भाताच्या दोन हंगामांत येत नाही. सूनबाई भाकऱ्या करायची, घावन करायची, पाहुणे बोटं चाटायचे. मीही रात्री खळ्यात बसून त्यांना वाघाच्या गोष्टी सांगायचो. बरं वाटायचं.

आमच्या परसात विहीर आहे, आजोबांनी खणलेली. माझ्या बापाने एक रिवाज घातला होता. चैत्रापासून मृगापर्यंत सकाळचं पाणी आमचं आणि चारनंतरचं वाडीचं. कारण वाडीची विहीर होळीलाच आटते. याचा कुठे कागद नाही. साठ-सत्तर वर्षं चालत आलेलं होतं.

मे २०२३ मधला एक शनिवार. चार गाड्या आल्या. पोरं होती, ऊन मी म्हणत होतं, त्यांनी रबरी हौद आणलेला. हवा भरली आणि म्हणाले, "काका, जरा मोटार लावता का?" मी लावली. हौद भरला. तासाभराने पोरांनी त्यात माती केली, तो ओतला, परत भरला. मग सगळ्यांच्या अंघोळी. मग गाड्यांवर धूळ होती म्हणून गाड्या धुतल्या. मी बघत होतो, पण पैसे घेतलेल्या माणसाची जीभ जड होते.

चार वाजता वाडीच्या बायका हंडे घेऊन आल्या. पुढे एक म्हातारी होती, माझ्या आईबरोबर लावणीला उभी राहिलेली. तिने कठड्यावरून आत बघितलं. खाली चिखल होता.

"दादा, पानी सगलां गेलां?" ती म्हणाली.

मी काय बोलणार? ती रागावली नाही, भांडली नाही. डोक्यावर चुंबळ ठेवली, रिकामा हंडा घेतला आणि बायकांना घेऊन नदीच्या डवऱ्याकडे निघून गेली. वाळूत खड्डा खणायचा, पाणी झिरपेल तसं वाटीने भरायचं. एक हंडा भरायला पाऊण तास. त्या वेळी माझ्या खिशात साडेसात हजार रुपये होते. ते मला खिशात ठेववेनात आणि बाहेरही काढवेनात.

लक्षात घ्या, ती पाहुणे मंडळी वाईट नव्हती. कचरा त्यांनी स्वतः पिशवीत भरून नेला. जाताना माझ्या पाया पडले. घरी गेल्यावर मोबाईलवर आमच्याविषयी चांगलं लिहिलं. शांत जागा, प्रेमळ माणसं, अजिबात गर्दी नाही. खाली नकाशा. पुढच्या शनिवारसाठी मला एका दिवसात नऊ फोन आले. म्हणून म्हणतो, या लेखात गावाचं नाव नाही.

हे माझ्या एका विहिरीचं झालं. आता हाच हिशेब तालुक्याला लावून बघा. पेण तालुक्यात हेटवण्याचं धरण आहे. त्याचं पाणी नवी मुंबईच्या वसाहतींना जातं. आणि त्याच पेण तालुक्यात, वाशी-शिर्कीकडच्या खारेपाटात, बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसतात. जमिनीखाली खारं पाणी, वर आभाळ कोरडं. त्या टँकरच्या रस्त्यानेच सुट्टीचे लोक जातात, आणि पुढे डोंगराच्या पायथ्याशी फार्महाऊसच्या निळ्या तलावात डुंबतात. तो तलाव कशाने भरतो? बोअरवेलने. बोअरवेल कुणाच्या झऱ्याचं पाणी ओढते? हे विचारायला कुणी मोकळं नाही, कारण तो म्हणतो मी सुट्टीवर आहे.

कोलाडचं बघा. कुंडलिकेत राफ्टिंग करायला लोक भर उन्हाळ्यात येतात आणि निसर्गाची वाहवा करतात. उन्हाळ्यात आमच्या कुठल्या नदीला एवढं पाणी असतं? ते पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सुटतं. वर मुळशीचं धरण आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तरी गावं बुडाली, त्या पाण्याची वीज झाली, आणि वीज करून झाल्यावर उरलेल्या पाण्यावर नाव हेलकावते. मी राफ्टिंगला नावं ठेवत नाही. आमच्या बाजूच्या कितीतरी पोरांना त्यावर पोट भरता येतं, ती होडीवर वाटाडे झाली म्हणून वीटभट्टीवर गेली नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की कुणाच्या पाण्यावर आपण हसतोय, हे माणसाला ठाऊक असावं.

आणि आमचाही दोष मोठा आहे. २००८ साली सेझ येणार होतं तेव्हा पेण तालुक्यातल्या हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत सरकारने लोकांचं मत घेतलं. २१ सप्टेंबरचा दिवस. म्हाताऱ्या बायका पायात काटे मोडत आल्या आणि 'जमीन देणार नाही' म्हणून मत देऊन गेल्या. आमच्या नातेवाइकांतली माणसं त्यात होती. ते सेझ झालं नाही. आम्ही छाती फुगवून सांगतो. पण पुढे काय केलं? जी जमीन कंपनीला दिली नाही ती आम्ही गुंठ्या-गुंठ्याने विकली. नदीकाठची आधी, डोंगराकडची नंतर. कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाचं दवाखान्याचं बिल, कुणाला नवी गाडी. घेणाऱ्याने तारेचं कुंपण घातलं आणि गेटवर पाटी लावली, 'खाजगी मालमत्ता'. आमची गुरं ज्या वाटेने नदीवर जायची ती वाट त्या गेटच्या आत गेली. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला, मुंबई अजून जवळ आली. त्याच साली उरण, पनवेल, पेणच्या १२४ गावांत नवं शहर करायची अधिसूचना निघाली. दलाल आता एप्रिलमध्ये आंब्याच्या व्यापाऱ्याच्याही आधी येतो. तो बोलतो तेही तेच शब्द, "काका, लोकांना शांत जागा पाहिजे. गर्दी नको."

माझा मुलगा माझं हे सगळं ऐकतो आणि म्हणतो, "बाबा, तुमच्या बोलण्यावर टिलरचा हप्ता फिटत नाही." त्याचं खोटं नाही. घरात यावर भांडण झालं, दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. शेवटी मधला मार्ग काढला. खोल्या दिवाळीपासून शिमग्यापर्यंत द्यायच्या, एका वेळी दोन कुटुंबं, मे महिन्यात नाही. पैसे कमी येतात. दर मे महिन्यात तो फोन नाकारतो तेव्हा माझ्याकडे बघतो, मी नजर चुकवतो. हा प्रश्न आमच्या घरात सुटलेला आहे असं मी म्हणणार नाही.

मग शहरातल्या माणसाने यायचंच नाही का? मी असं म्हटलं तर आई वरून काठी मारील. या, पण कसं यायचं ते ऐका.

जागा शोधू नका, माणूस शोधा. तुमच्यातल्या निम्म्या लोकांचं कुठे ना कुठे गाव आहे, मामा आहे, आत्या आहे. तिथलं घर पडत आलंय. आठ गाड्या घेऊन अनोळखी नदीवर जाण्यापेक्षा त्या घरावर चार कौलं घाला. गाव नसेल त्याने कुणा मित्राच्या गावी जावं, पण एकट्या कुटुंबाने. शनिवार-रविवार सोडून मंगळवारी या. दिवा-रोहा गाडीने या, पेणला उतरा. हमरापूर, जोह्याला मे महिन्यात गणपतीचे कारखाने भरात असतात, शाडूत हात घातलेली माणसं बघा, पण त्यांच्या कामात लुडबूड करू नका. पेणच्या बायकांकडून पापड, पोहे, मिरगुंडं घ्या आणि भावाची घासाघीस करू नका. रस्त्याच्या कडेला टोपलीत जांभळं, करवंदं, ताडगोळे घेऊन बसलेली बाई दिसली तर गाडी थांबवा, तिचं नाव विचारा. थंडीत आलात तर जानेवारीत या, वालाच्या शेंगा घालून पोपटी लावू, मडक्याभोवती सगळे बसू. तेव्हा पाणी असतं आणि आम्हालाही सवड असते.

आणि जिथे जाल तिथे पहिला प्रश्न पाण्याचा करा. "तुमच्या विहिरीला किती पाणी आहे?" हे विचारणारा माणूस मला गेल्या तीन वर्षांत एकच भेटला.

भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो गप्प झाला, मग म्हणाला, "बघतो मामा." ऑफिसातली मंडळी दुसरीकडे कुठे गेली ते मी विचारलं नाही. पण मेच्या शेवटच्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, तो बायको आणि दोन पोरांना घेऊन एसटीतून उतरला. चार दिवस राहिला. पहिल्या दिवशी पोरं मोबाईलची रेंज शोधत फिरली. भाचा माझ्यासोबत कौलं चाळायला घरावर चढला, दोन कौलं फोडली, एकदा घसरला. त्याची थोरली मुलगी नऊ वर्षांची. तिला मी पोहरा सोडायला शिकवला. चारनंतर वाडीच्या बायका आल्या तेव्हा ती कठड्याशी उभी राहून हंडे मोजत होती. म्हातारीने तिला विचारलं, "कोनाची गं तू?" पोरीने माझ्याकडे बोट केलं.

तर अशी ही गोष्ट. तुम्हीही या. आधी फोन करा, किती जण ते सांगा, जेवायला काय म्हणून विचारू नका, घरात असेल ते मिळेल. अंघोळीला माणशी एक बादली. आणि मृग लागेपर्यंत चारनंतरचं पाणी वाडीचं आहे, तेवढं लक्षात ठेवा.